पोलीसमामांना विचारा: साहेबामागे किती, चोरामागे किती?

कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं अधिवेशन संपलं, बॅरिकेडं ट्रकात भरून गेली आणि माझ्या नावानं येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा फुगला. दरवर्षी हेच. डिसेंबर उलटला की वाचक एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडानं विचारतात: आमच्या गल्लीत गरज होती तेव्हा पोलीस कुठं होते? या खेपेला एवढी पत्रं आली की पासपोर्ट, भाडेकरू, बांधावरची भांडणं हे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. नवीन वाचकांसाठी ओळख एवढीच, की मी चौतीस वर्षं बेळगाव जिल्ह्यात खाकीत काढली, एएसआय म्हणून सुटलो, आणि त्यातली चार वर्षं एका पुढाऱ्याचा गनमॅन होतो. म्हणजे ज्या ताटाबद्दल तुम्ही विचारताय, त्यात मी पण जेवलोय.

प्रश्न: मामा, डिसेंबरात आम्ही लग्नासाठी दोन दिवस सांगलीला होतो. परत आलो तर मागच्या दाराची कडी उचकटलेली, कपाट पालथं, सासूबाईंच्या पाटल्या आणि भरलेला गॅस सिलिंडर गेलेला. ठाण्यात दोघंच होती. "सगळे बंदोबस्ताला गेलेत, अधिवेशन झाल्यावर या," म्हणाले. झाल्यावर गेलो तर विचारलं, इतके दिवस काय करत होता? हे कायद्यात बसतं का?
— एक गृहिणी, बेळगाव शहर

उत्तर: नाही बसत, वहिनी. घरफोडी दखलपात्र गुन्हा आहे, आणि अशा गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायलाच लागतो, हे २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात सांगून टाकलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिचं १७३ कलम बघा. खबर तोंडी दिली तरी चालते, हद्द कुठलीही असली तरी चालते, ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नक्कल फुकट मिळते. ठाण्यानं नाही म्हटलं तर तीच तक्रार लेखी करून जिल्ह्यात एसपींना, शहरात कमिशनरांना पोस्टानं पाठवायची आणि पावती जपून ठेवायची. तुम्ही आता सुद्धा पाठवा. उशीर का झाला ते खरं तेच लिहा.

हे झालं कायद्याचं. आता ठाण्यात दोघंच का होती ते सांगतो, कारण खरं दुखणं तिथं आहे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतला एक डिसेंबर. सकाळची हजेरी, बाहेर धुकं, सगळ्यांच्या तोंडातून वाफ. रायटर हजेरीबुकातून नाव वाचतोय आणि ओ त्या माणसाऐवजी शेजारचा देतोय: "ओओडी." पुढचं नाव. "ओओडी." ओओडी म्हणजे नाव आमच्या ठाण्याच्या बुकात, माणूस दुसऱ्याच कामावर. कोण अधिवेशनाच्या विधान सौधाच्या गेटवर, कोण मंत्री उतरलेल्या हॉटेलच्या जिन्यात, कोण सांबऱ्याला विमानतळावर, कोण हायवेच्या क्रॉसला शिट्टी घेऊन. साठाच्या वर नावं वाचून झाली तेव्हा समोर उभे होतो आम्ही अकरा. त्यातला एक संत्री पहाऱ्यावर, एक वायरलेसला, एक कोर्टाचे कागद घेऊन निघालेला, एक समन्सांना, आणि एक रात्रपाळी करून आलेला, उभ्या उभ्या पेंगत होता. तुमच्या दाराची कडी बघायला मी यातला कुणाला पाठवू?

आणि गेलेली माणसं कुठली असतात तेही बघा. क्राइमची पोरं, जी चोराला पाठमोरा ओळखतात, ती पहिली उचलतात, कारण गर्दीत खिसेकापू ओळखायला तीच लागतात. बीटचा हवालदार जातो, ज्याला ठाऊक असतं की अमक्या गल्लीतला तमका परवाच हिंडलग्याच्या तुरुंगातून सुटून आलाय. बाहेरून पोलीस येतात, नाही म्हणत नाही. बिदरपासून चामराजनगरापर्यंतचे हजारो येतात. पण म्हैसूरकडचा तो पोरगा, ज्याला आपल्या थंडीनं हुडहुडी भरलीय आणि रागीमुद्दा नाही म्हणून ज्याचं पोट भरत नाही, तो मलाच विचारतोय गणपत गल्ली कुठं आली म्हणून. त्याला तुमच्या बोळात उभा करून काय उपयोग? त्यामुळं होतं असं, की वर्षातल्या ज्या दहा-बारा दिवसांत बेळगावात सगळ्यात जास्त खाकी दिसते, त्याच दिवसांत बोळात ती सगळ्यात कमी असते. चोर पण पेपर वाचतात, वहिनी.

२००६ साली पहिलं अधिवेशन इथं भरलं तेव्हा आम्हाला वाटलं, एकदाचं होऊन जाईल. ११ ऑक्टोबर २०१२ ला हलग्याजवळ सुवर्ण विधान सौधाचं उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हातून झालं, आणि बंदोबस्त कायमचा मुक्कामाला आला. डिसेंबर २०२३ मध्ये सभागृह चालू असतानाच काकती ठाण्याच्या हद्दीत एका बाईचे जे हाल झाले, त्याची हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बंदोबस्त नसता तर ते टळलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. गावातलं वैर एका रात्रीत भडकतं. पण हद्दीतली किती माणसं त्या रात्री हद्दीत होती, हा प्रश्न जुन्या पोलिसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न: एक्स, वाय, झेड सुरक्षा म्हणजे नक्की किती पोलीस? आणि कोणाला किती हे ठरवतं कोण?
— पदवीचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर: साधारण एक्सला दोन, वायला आठ, वाय प्लसला अकरा, झेडला बावीस, झेड प्लसला छत्तीस किंवा जास्त. माणूस आणि ठिकाण बघून आकडे थोडे हलतात. पंतप्रधानांना सांभाळणाऱ्या एसपीजी दलाचा १९८८ चा कायदाच वेगळा, ती यात धरायची नाही. बाकी ठरतं दोन गोष्टींवर, खुर्ची आणि धोका. मंत्री, न्यायमूर्ती यांना खुर्चीमुळं मिळते. इतरांचं गुप्तचर खात्याच्या अहवालावरून ठरतं. केंद्रात गृह मंत्रालय ठरवतं, राज्यात राज्य सरकार. आणि धोका उरलाय का हे मधून मधून तपासायचं असतं. "असतं" या शब्दाकडं लक्ष दे, बाळ. दिलेला गनमॅन परत मागणं म्हणजे जेवणाऱ्याच्या बुडाखालचा पाट ओढणं. कुठला अधिकारी ओढेल?

देशाचा आकडा हवा असेल तर पोलीस संशोधन आणि विकास ब्यूरोची २०१७ साली गाजलेली आकडेवारी घे: २०,८२८ व्हीआयपी आणि त्यांच्या मागे ५६,९४४ पोलीस. एकामागे पावणेतीन. सामान्य माणसांत मात्र ६६३ जणांना एक. आणि १ जानेवारी २०२० ला लाख लोकांमागे मंजूर पोलीस होते १९५, प्रत्यक्ष कामावर १५५. म्हणजे ताटच आधी अर्धपोटी वाढलेलं.

पण एक हिशेब पेपरात येत नाही. एका दारात चोवीस तास एक बंदूक उभी करायची तर एक माणूस पुरत नाही. आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याची सुट्टी, रजा, आजारपण, फायरिंगचा सराव धरला तर एका जागेला साडेचार-पाच माणसं जातात. तेवढी कोण देत नाही. मग तीच तिघं बारा-बारा तास उभी राहतात, आणि सुट्टी कागदावर पडते. जून २०१६ मध्ये कर्नाटकातल्या पोलिसांनी सामूहिक रजेची हाक दिली होती, ती काही हौस म्हणून नव्हे.

प्रश्न: व्हीआयपी जाणार म्हणून क्रॉसला वीस-वीस मिनिटं अडवतात. माझ्या गाडीत बाळंतीण असली तर?
— वडापवाला, चिक्कोडी

उत्तर: हॉर्न दाबत बसायचं नाही. काच खाली करायची, खाली उतरून पहिल्या शिपायाला बाळंतीण दाखवायची. दहातले नऊ सोडतात, कारण त्यांच्या घरी पण बायका आहेत. मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला. रुग्णवाहिकेची वाट अडवली तर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे. आणि त्याच २०१७ च्या जूनमध्ये बेंगळुरात एका ट्रॅफिक पीएसआयनं खुद्द राष्ट्रपतींचा ताफा थांबवून रुग्णवाहिका आधी सोडली होती. त्याला मेमो नाही, बक्षीस मिळालं.

प्रश्न: आपण चार वर्षं गनमॅन होता असं लिहिता. त्या चार वर्षांत आपण नेमकं काय केलंत? प्रश्न खोचक वाटल्यास राग नसावा.
— निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर: गुरुजी, राग कसला. निवृत्तीच्या दिवशी मला पण हाच प्रश्न पडला होता.

खरं म्हणजे गनमॅन सशस्त्र राखीव दलाचे असतात, ज्याला आम्ही डीएआर म्हणतो. मी ठाण्याचा माणूस. पण माझं गाव साहेबांच्या मतदारसंघात, तेव्हा त्यांनी नावानं मागून घेतलं आणि वरून हो आलं. पहाटे साडेपाचला बंगल्यावर हजर. कमरेला नऊ एमएमचं पिस्तूल, गोळ्या मोजून घेतलेल्या, मोजून परत द्यायच्या. सफारी स्वतःच्या पैशानं शिवलेली. साहेब निघाले की गाडीचं दार उघडायचं, बसले की लावायचं, आणि पळत जाऊन ड्रायव्हरशेजारी बसायचं. दिवसभर दारं.

लग्नसराईत एका दिवसात नऊ लग्नं केल्याचं आठवतंय. प्रत्येक मांडवात साहेबांच्या गळ्यात हार पडायचा, साहेब तो काढून न बघता मागं हात करायचे, आणि मागं मी. नऊ लग्नांचे हार, फेटे, नारळ. उजवा हात कायम रिकामा ठेवायचा, तो पिस्तुलाचा, असं आम्हाला ट्रेनिंगला शिकवलं होतं. माझ्या उजव्या हातात नारळ असायचा.

फायरिंगची माझी तारीख दोन वर्षं साहेबांच्या दौऱ्यात बुडाली. पिस्तूल बाहेर निघायचं ते तेल द्यायला आणि खंडेनवमीला हळदकुंकू वाहायला. साहेबांवर कोणी हात उगारला नाही. एकदाच एका जत्रेत एक म्हातारा काठी वर करून गर्दीतून पुढं आला म्हणून मी आडवा पडलो. तो कालव्याच्या पाण्याचा अर्ज द्यायला आला होता. काठी चालायची, आणि वर केली ती साहेबांनी बघावं म्हणून. त्याचा अर्ज चिखलात पडला. मी उचलून पुसून दिला, तर माझ्याकडं बघून म्हणतो, "काठीला भ्यालास व्हय रं?"

सुख नव्हतं असं नाही. रात्रगस्त नाही, विहिरीतून प्रेत काढणं नाही, आरोपी पळाला म्हणून सस्पेन्शनची भीती नाही. गावात गेलो की लोक साहेबांच्या आधी मला नमस्कार करायचे. बदलीच्या चिठ्ठ्या माझ्या खिशात, साहेबांच्या हातात कधी द्यायच्या ते माझ्या हातात. माणूस सुटतो यात, गुरुजी. मी पण सुटलो होतो. चार वर्षांनी ठाण्यात परत आलो, पहिल्याच आठवड्यात एका चोरीचा पंचनामा लिहायला बसलो, आणि जागेच्या चतुःसीमा घालताना पेन थांबलं. पूर्वेला काय आधी लिहायचं की उत्तरेला, एवढं साधं. शेजारी तीन वर्षं नोकरी झालेला पोरगा बसला होता, त्यानं हळूच कागद स्वतःकडं ओढून घेतला आणि लिहून काढला. गनमॅन मोजणारे माणसं मोजतात. त्या माणसाचा हात गेला, ते कोण मोजत नाही.

प्रश्न: आमच्या बैलजोडीच्या चोरीतला आरोपी दुसऱ्या केसमध्ये आत आहे. तीन तारखांना त्याला कोर्टात आणलाच नाही. "एस्कॉर्ट इल्ला", एस्कॉर्ट नाही, एवढंच ऐकायला मिळतं. मंत्र्याच्या गाडीपुढं पळतं तेच का हे एस्कॉर्ट?
— शेतकरी, जांबोटी भाग

उत्तर: शब्द तोच, आणि माणसंही बऱ्याचदा तीच. जिल्ह्यात डीएआर, शहरात सीएआर. गनमॅन यांचेच, बंगल्यावरचे गार्ड यांचेच, खजिन्यावरचा पहारा यांचाच, आणि कैद्याला तुरुंगातून कोर्टात न्यायची पार्टी पण यांचीच. बस तेवढीच, मग सीट कुणाला द्यायची?

आता बघा. कैद्याची तारीख कोर्टानं महिनाभर आधी दिलेली असते. मंत्र्याचा दौरा आदल्या रात्री दहाला येतो. तरी मोडते ती कैद्याची तारीख. कारण मंत्र्याला एस्कॉर्ट मिळालं नाही तर रात्रीच फोन वाजतो, आणि कैद्याला मिळालं नाही तर कोर्टाच्या रोजनाम्यात एक ओळ पडते. ती ओळ वाचायला जांबोटीहून तुम्ही, दिवस मोडून, तिकीट काढून. माझ्या मते साहेबामागच्या पोलिसांची खरी किंमत याच ओळीत असते, आणि तिचा आवाज होत नाही म्हणून ती कोणाला दिसत नाही.

तुम्ही करायचं ते एवढं: सरकारी वकिलांना भेटा आणि साध्या तारखांना आरोपी व्हिडिओवर हजर करून घ्यायची विनंती करायला सांगा. नव्या संहितेत ५३० कलमानं ती सोय दिली आहे. बैल आणि माणूस समोरासमोर ओळखायची तारीख येईल तेव्हा मात्र प्रत्यक्ष हजेरीचाच आग्रह धरा. व्हिडिओवर सगळेच चोर सारखे दिसतात.

प्रश्न: मामा, सगळ्यांचे गनमॅन एका दिवसात काढून घेतले तर गुन्हेगारी कमी होईल ना? वक्तृत्व स्पर्धेला विषय घेतलाय.
— बारावीची विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर: टाळ्या मिळतील बाळ, गुन्हे कमी होणार नाहीत.

१६ फेब्रुवारी २०१५, कोल्हापूर: गोविंद पानसरे सकाळी फिरून परत येत होते. ३० ऑगस्ट २०१५, धारवाड: डॉ. एम. एम. कलबुर्गी स्वतःच्या घराच्या दारात. ५ सप्टेंबर २०१७, बेंगळूर: गौरी लंकेश घरासमोर. पहिल्या दोन गावांच्या मधे आपलं बेळगाव आहे, नकाशा काढून बघ. तिघांवर गोळ्या झाडल्या, आणि तिघांपाशीही त्या घटकेला पोलीस नव्हता. त्यांच्या एका चिठ्ठीनं कोणाची बदली होत नव्हती, आणि मारणारा मात्र खरा होता. आणि सरसकट काढायचं म्हणशील तर पंजाबचं ऐक. २८ मे २०२२ ला तिथल्या सरकारनं चारशेहून जास्त लोकांची सुरक्षा कमी केली, यादी बाहेर फुटली, आणि दुसऱ्याच दिवशी गायक सिद्धू मूसेवालाचा खून झाला.

तेव्हा भांडण गनमॅनशी नाही. धोक्यासाठी द्यायची वस्तू आपल्याकडं ऐटीसाठी मागतात, भांडण त्याच्याशी. पांढरी गाडी, काळ्या काचा, बाकी काही नसलं तरी सफारीतला एक माणूस हवाच. लग्नात वरबापाला जसा बँड. दुसरं असं, की परत आलेला गनमॅन उद्यापासून तपास करणार नाही. राखीव दलाच्या माणसाला परेड आणि हत्यार शिकवलेलं असतं, जबाब कसा नोंदवायचा ते नाही. म्हणून भाषणात मागायचंच असेल तर प्रकाश सिंह खटल्यातलं माग. २००६ साली सुप्रीम कोर्टानं राज्यांना सात आदेश दिले, त्यातला एक आहे तपासाचे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्थेचे पोलीस वेगळे करा. ज्याच्या टेबलावर खुनाची फाईल उघडी आहे, त्याला शिट्टी देऊन क्रॉसला उभा करता येऊ नये, साध्या मराठीत याचा अर्थ एवढाच. परीक्षकांत कोणी पुढारी असले तर हा भाग जरा मोठ्यानं म्हण.

प्रश्न: कोगनोळी नाक्याजवळ माझा चहाचा गाडा आहे. कधी पोलीस मंत्र्याला वाट करून द्यायला उभे, कधी मंत्र्याला अडवायला उभे. आम्ही नक्की काय बघतोय?
— चहावाला, कोगनोळी

उत्तर: तुमच्या गाड्यावर धंदा दोन्ही वेळा चांगला होतो, खरं की नाही? डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे दोन मंत्री, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई, बेळगावला येणार म्हणून नाकी भरली. मंत्री आले नाहीत, बंदोबस्त मात्र आला. त्यातच ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या नंबराच्या ट्रकांवर दगड पडले, म्हणजे आणखी बंदोबस्त.

सीमेवरच्या पोलिसाला बायकोचा वाढदिवस नंतर पाठ होतो, आधी या तारखा: १७ जानेवारी आणि १ जून हे सीमालढ्यातले हुतात्मा दिन, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, अधिवेशनाचा पहिला दिवस आणि त्या दिवशीचा मराठी एकीकरण समितीचा महामेळावा. वर गणपती विसर्जन आणि शिवजयंतीचे चित्ररथ. दुसऱ्या जिल्ह्यांना मंत्र्यांचे दौरे असतात. आपल्याला दौरे आहेत आणि हे पण आहे.

माझ्यासारख्याचं तर विचारूच नका. एका १ नोव्हेंबरला मी दोरी धरून उभा. समोरून काळ्या फिती लावलेली फेरी आली, आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेत माझा चुलतभाऊ. लहानपणी एका ताटात जेवलेलो. त्यानं मला बघितलं, मी त्याला. घोषणा देता देता त्याचा आवाज अर्ध्यात तुटला. माझ्या शेजारी हुबळीकडचा हवालदार होता, पंधरा वर्षं खाकीत मुरलेला. त्यानं माझ्या तोंडाकडं बघून हळूच विचारलं, "नेंटरेन्री?" पाहुणे का तुमचे? मी म्हटलं, "हौद्री." तो काही बोलला नाही. माझ्याकडचं दोरीचं टोक त्यानं आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि मला मागच्या गाडीतलं पाणी आणायला पाठवलं. मी पाणी घेऊन आलो तोवर फेरी पुढं गेली होती. रात्री भाऊ घरी आला आणि आईसमोर म्हणाला, "मला बघून पळालास की रे!"

त्याच दिवशी आमच्या बीटमधून एक मोटारसायकल गेली. मालक मराठी की कानडी, ते चोरानं विचारलं नव्हतं.

प्रश्न: आमच्या भागाच्या ठाण्यात खरोखर किती पोलीस आहेत, हे आम्हाला कळू शकतं का?
— तरुण मंडळाचा कार्यकर्ता, येळ्ळूर

उत्तर: कळू शकतं. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. कर्नाटकाचा नियम ध्यानात ठेवा: एका अर्जात एकच विषय, आणि अर्ज दीडशे शब्दांच्या आत. मंडळाची पोरं पहिल्या पानावर इतिहास लिहितात, तिथंच अर्ज बाद होतो. तीनच गोष्टी विचारा. ठाण्याला मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि मागच्या डिसेंबरातल्या एका ठराविक तारखेला हजेरीबुकात ओओडी किती. ओओडी हाच शब्द वापरा, म्हणजे आत बसलेल्याला कळतं की विचारणाऱ्याला कळतंय. कोणाला कोण गनमॅन, त्यांची नावं काय, बंगल्यावर किती, हे विचारू नका. ८ व्या कलमाचा आधार घेऊन ते नाकारतील आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

अर्ज मराठीत द्यावा असं मलाही वाटतं, आणि येळ्ळूरकरांना मी ते शिकवायला नको. पण ६ व्या कलमात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं म्हटलंय. मराठीत दिला तर भांडण भाषेचं होईल आणि हजेरीबुक मिटलेलं ते मिटलेलंच राहील. कानडीत लिहून हवा असेल तर संपादकांकडून माझा पत्ता घ्या आणि रविवारी सकाळी या. दहाच्या आत या, नंतर मी रानात जातो.